सेल्फ घेत नाही

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजसमोर अर्धा दिवस उभे राहा, "सेल्फ घेत नाही" हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. बाहेरच्या जगात या यंत्राला आता नुसतं 'स्टार्टर' म्हणतात. आपल्याकडे मात्र 'सेल्फ' हा तुकडा टिकून राहिला. तो 'सेल्फ-स्टार्टर'मधला आहे. बाहेरून कुणी हँडल न मारता गाडी स्वतःहून सुरू होते, हे एके काळी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापण्यासारखं नवल होतं.

त्याआधी गाडी सुरू करणं हे अंगमेहनतीचं आणि धोक्याचं काम होतं. पुढच्या बंपरखाली लोखंडी हँडल घालायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर बसे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरचं फ्रॅक्चर. पण त्या पद्धतीची एक जमेची बाजू मला नेहमी दिसते. इंजिन जड फिरतंय का, सैल फिरतंय का, हे थेट तळहाताला कळायचं. निम्मं निदान हँडल मारतानाच होऊन जायचं.

हे काम हातातून काढून घेतलं चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. तो आधी नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत होता आणि दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र विजेवर चालवायचं काम त्याने केलं होतं. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही, क्षणभर जोर लावते आणि थांबते. म्हणजे लहान मोटरवर थोड्या वेळापुरता तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी चालतं. हीच युक्ती त्याने गाडीत वापरली आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो मिळायला १९१९ उजाडलं.

या युक्तीची किंमत होती करंट. तुमच्या मोबाइलचा चार्जर २-३ अँपिअर देतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर ओढतो. एवढा करंट वाहताना वाटेत ०.०१ ओहम इतका क्षुल्लक अडथळा आला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जिरतो. हा हिशोब गेओर्ग ओहमने १८२७मध्येच मांडून ठेवला होता. एक जुनाट नट किंवा बुरशी आल्यासारखा दिसणारा टर्मिनल गाडी अडवतो तो यामुळेच.

इतिहासाचा दुसरा धागा आरामाचा आहे. जुन्या गाड्यांत इंजिन चॅसीला धातूवर धातू असं घट्ट बोल्ट केलेलं असायचं, त्यामुळे सगळी थरथर प्रवाशांच्या हाडांत जायची. १९३१मध्ये क्रायस्लरने प्लायमथ गाडीत इंजिन रबरावर बसवलं आणि त्याला 'फ्लोटिंग पॉवर' असं नाव दिलं. थरथर कमी झाली. पण रबर जशी थरथर अडवतं तशी वीजही अडवतं. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. आता इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलं. ते जोडायला एक वेगळी तार लागते, बहुतेक वेळा तांब्याच्या विणलेल्या तारांची चपटी पट्टी. आपले मिस्त्री तिला 'अर्थ पट्टी' म्हणतात. सेल्फने ओढलेला सगळा करंट या पट्टीतून परत जातो. तिचं नाव कुठल्याही जाहिरातीत आलेलं मी पाहिलेलं नाही.

क्रायस्लरच्या या गाड्या आपल्यापर्यंतही पोचल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लायमथ जुळवल्या जाऊ लागल्या. पुढे फियाट आली आणि तिचीच 'पद्मिनी' झाली. तुमच्यापैकी अनेकांना ती फक्त मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून माहीत असेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

उन्हाळ्यात पद्मिनी मधूनच रुसायची, आणि विदर्भातल्या जुन्या ड्रायव्हरांना त्याचं कारण पाठ होतं. तिचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. गाडी तापून थांबली की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढत बसायचा. यावर औषध म्हणजे पंपावर ओला फडका. १० मिनिटांत गाडी चालू. सेल्फ इंजिन फिरवतो पण इंजिन पेटत नाही, ही एक तऱ्हा. सेल्फ फिरतच नाही, ही अगदी वेगळी. दोन्हींना आपण "गाडी चालू होत नाही" एवढंच म्हणतो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

माझ्याकडची गाडी २०१२ची, पेट्रोलची. गेल्या उन्हाळ्यात आईला दर १५ दिवसांनी अर्जुनी मोरगावहून गोंदियाला डोळ्यांच्या उपचारासाठी न्यावं लागत होतं. नवेगाव बांध, कोहमारा, गोरेगाव असा रस्ता. कोहमाऱ्याला चहासाठी थांबलं की १० मिनिटांनी चावी फिरवल्यावर फक्त 'टक' असा एक आवाज यायचा. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, इंजिन मात्र ढिम्म. ४०-४५ मिनिटांनी गाडी काहीच झालं नसल्यासारखी चालू व्हायची. मे महिन्यात, ४५ अंशांत, डोळ्याला पट्टी बांधलेल्या बाईला घेऊन ती ४५ मिनिटं कशी जातात ते सांगत नाही.

एका सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. एकही कोड नाही. तरी बॅटरी बदलली आणि बिल दिलं. पुढच्या फेरीत पुन्हा 'टक'. स्कॅनरला दोष देण्यात अर्थ नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वेगवेगळे सेन्सर जे सांगतात तेच तो वाचतो. अर्थ पट्टीवर सेन्सर नसतो.

शेवटी गोंदियातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. १९९९मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्याही आधीपासून जीप आणि ट्रकच्या वायरिंगवर हात बसलेला माणूस. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "आवाज कोणता येते भाऊ, घर्र का टक?" मग, "टक होते तवा लाइट मंद होते का?" मग, "थंडी झाली का आपोआप चालू होते ना?"

या तीन प्रश्नांत जवळपास सगळं आलं होतं. घर्र नाही, म्हणजे पेट्रोल, प्लग, सेन्सर हे सगळे बाजूला. लाइट मंद होत नाही, म्हणजे बॅटरी बरी आहे आणि सेल्फपर्यंत मोठा करंट पोचतच नाही. शिवाय लाइटचा अर्थ बॉडीला असतो, इंजिनला नाही, त्यामुळे लाइट लख्ख असणं हा इंजिनच्या अर्थबद्दल काहीच पुरावा नाही. आणि उष्णता. तांब्याचा रोध दर १० अंशांमागे सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. गाडी थांबल्यावर वारा बंद होतो आणि इंजिनची धग सेल्फमध्ये चढत जाते. आधीच अधू असलेला जोड नेमका तेव्हा हार मानतो.

आता खरी अडचण अशी की बिघाड समोर घडल्याशिवाय मोजता येत नाही. थंड गाडीवर सगळं ठीकच दिसतं. त्यांनी मला बालाघाट रोडवर २० किलोमीटर फिरवून आणायला लावलं, बॉनेट बंद ठेवून १० मिनिटं उभी करायला लावली. पहिल्या दिवशी गाडी गुमान चालू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता 'टक'. "हात लावू नका," ते म्हणाले. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. मला चावी फिरवायला सांगितली. काटा नव्हता, आकडे होते: ४ व्होल्टांच्या वर. चांगल्या गाडीत ते अर्ध्या व्होल्टाच्या आत असायला हवेत. मग त्यांनी जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनला लावलं. त्याच तापलेल्या अवस्थेत गाडी एका झटक्यात चालू झाली.

गिअरबॉक्सजवळची पट्टी काढली तेव्हा बाहेरून ती बरी दिसत होती. लग कापला तर आत हिरवट-पांढरी भुकटी होती आणि मोजून सात-आठ तारा शाबूत. इथल्या पावसाळ्यात धानाच्या बांधांमधून, चिखलातून एवढी वर्षं गाडी गेल्यावर दुसरं काय होणार. नवी पट्टी, सँडपेपरने घासलेली जागा, वरून ग्रीस, मजुरीसकट ४५० रुपये. जुनी पट्टी मी मागितली, तर म्हणाले, "राहू द्या इथंच. पोराले दाखवाले लागते." आणि ती बाकावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली, तशाच आणखी तीन-चार पट्ट्यांच्या शेजारी.