बखर आणि दप्तर : जुन्या होंडा एनएसएक्सची साधनचिकित्सा

१९९० च्या दशकातील एखादी होंडा एनएसएक्स आज विक्रीस निघते, तेव्हा यंत्राबरोबर एक दंतकथाही विकायला येते. विक्रेता बहुधा दंतकथेचाच भाव सांगतो. तिशी ओलांडलेल्या या यंत्राची पारख साधनचिकित्सेच्या अंगाने कशी करावी, याविषयी हा धागा.

आधी दंतकथा. आयर्टन सेनाने सुझुकाच्या धावपट्टीवर गाडी चालवली, ती पुरेशी ताठ नसल्याचे सांगितले आणि होंडाने ती बदलली. प्रसंग खरा आहे. पण त्याचा काळ पाहा. वर्ष १९८९, महिना फेब्रुवारी. याच महिन्यात शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी जगासमोर मांडली गेली. म्हणजे इंजिन आसनांच्या मागे ठेवण्याचा आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा करण्याचा निर्णय तोवर होऊन गेला होता. शिगेरु उएहारा यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी त्यावर कित्येक वर्षे घालवली होती. पुढे नुर्बुर्गरिंगवर चाचण्या झाल्या, सांगाड्याला अधिक ताठपणा आला; त्यात सेनाच्या अभिप्रायाचा वाटा आहेच. परंतु ‘सेनाने घडवलेली गाडी’ हे बखरकाराचे वाक्य झाले. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

गाडीचा खरा दावा वेगळाच होता. त्या काळी मध्यभागी इंजिन असलेली इटालियन गाडी बाळगणे म्हणजे हत्ती पोसणे. फेरारी ३४८ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. होंडाने २९७७ सीसीचे व्ही६ इंजिन दिले, त्यात टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड बसवले, ते ८००० फेऱ्यांपर्यंत फिरू दिले आणि तरीही ही गाडी रोज कचेरीत नेता येईल, असे सांगितले. वापरलेली एनएसएक्स तपासणे म्हणजे तीस वर्षांनंतर हा दावा तपासणे होय.

सर्वांत कठीण साक्षीदार म्हणजे पत्रा. जुनी गाडी पारखणारे लोक खिशात लोहचुंबक ठेवतात : जिथे चुंबक चिकटत नाही, तिथे पुट्टी भरलेली. इथे ही युक्ती निरुपयोगी ठरते, कारण ॲल्युमिनियमला चुंबक कुठेच चिकटत नाही. निर्दोष भाग आणि लपवलेली जखम दोन्हींवर तो सारखाच मौन पाळतो. ॲल्युमिनियमवर चालणारे, रंगाची जाडी मोजणारे उपकरणच हवे. अमेरिकेत ही गाडी ॲक्युरा नावाने विकली गेली. तिथल्या गाड्यांच्या अनेक भागांवर गाडीचा क्रमांक असलेली छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. ती एखाद्या भागावर नसेल, तर तो भाग का बदलला किंवा रंगवला, हे विचारावे. बंपर बदलला असेल तर चिंता नाही. पण सस्पेन्शन जिथे बसते तिथला सांगाडा सुरकुतला असेल किंवा तिथे नंतरची वेल्डिंग दिसत असेल, तर गाडी कितीही चकाकत असो, परत फिरावे. ॲल्युमिनियम सरळ करणे आणि जोडणे हे वेगळ्या हाताचे काम आहे. प्रत्येक गॅरेजला ते साधत नाही.

झिजलेल्या टायरांवरून मात्र घाईने अपघाताचा निष्कर्ष काढू नये. आरंभीच्या गाड्यांत मागील चाकांच्या मूळ जुळवणीमुळेच टायर लवकर झिजत. पुरावा खरा असतो, अर्थ चुकतो.

गिअरबॉक्सच्या बाबतीत दप्तर बोलते. सुरुवातीच्या काही पाच-गतींच्या गिअरबॉक्समध्ये बेअरिंग जागेवर धरणाऱ्या स्नॅप रिंगची खाच चुकीच्या मापाने कापली गेली. रिंग तुटली की तिचे तुकडे आतील गिअर खाऊ शकतात. सदोष खोक्यांचे क्रमांक १००३५४२ ते १००५९७८ या टप्प्यात येतात आणि क्रमांक खोक्यावरच असतो. त्या टप्प्यातील गाडी असेल आणि दुरुस्तीची पावती नसेल, तर ‘आजवर काही झाले नाही’ या वाक्याला पुरावा मानता येत नाही. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा.

रेडिएटर पुढे, इंजिन मध्ये, म्हणून पाण्याचे नळ गाडीभर पसरलेले. त्यांचे रबर जुने असेल तर तेही बदलावे. वातानुकूलनाच्या नियंत्रकातील कपॅसिटर गळतात. ही दुखणी नेहमीची आहेत.

खरा सापळा ‘फारच कमी चाललेली’ गाडी हा आहे. टायमिंग बेल्टचे आयुष्य किलोमीटरांइतकेच वर्षांतही मोजले जाते. दहा वर्षे झाकून ठेवलेल्या गाडीचा आकडा मोहक असतो, पण तिचा बेल्ट, पाण्याचे रबरी नळ आणि टायर उभ्या उभ्याच म्हातारे झालेले असतात. दरवर्षी गॅरेजची पावती फाडलेली, दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी तिच्यापेक्षा कितीतरी अधिक विश्वसनीय ठरू शकते. दुर्दैवाने बाजार आकडा पाहतो, पावत्यांची फाइल क्वचितच उघडतो.

अखेरचा पेच इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल. १९९३ पासून होंडाने जपानमध्ये ‘रिफ्रेश’ योजना चालवली : मालकाने गाडी पाठवावी, कंपनीच्या कारागिरांनी ती उघडून झिजलेले भाग नवे बसवावेत. अशी गाडी ‘मूळ’ म्हणावी काय? संग्राहक नाक मुरडतात. परंतु त्या कामाच्या नोंदी गाडीसोबत असतील, तर कोणता भाग १९९१ चा आणि कोणता नंतरचा, हे त्यांवरून कळते. न उघडलेल्या, कागद नसलेल्या गाडीबद्दल मात्र विक्रेत्याच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते.