मागच्या चाकांचा लगाम

महाडची औद्योगिक वसाहत सावित्रीच्या खोऱ्यांत वसलेली आहे. तेथून पोलादपूर ओलांडलें कीं दक्षिणेस कशेडीचा घाट लागतो आणि पूर्वेस महाबळेश्वराकडे जाणारा आंबेनळीचा. या वाटांनीं ओझें वाहणाऱ्यांस एक गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे: जें चढतांना ओढावें लागतें, तेंच उतरतांना मागून ढकलूं लागतें. बैलगाडीच्या दिवसांत हा भार बैलांच्या मानेवर येई. म्हणून गाडीवान चाकावर लांकडी ठोकळा दाबून धरीत.

याच सह्याद्रींत, उत्तरेस बोरघाटांतून १८६३ सालीं आगगाडी धांवूं लागली, तेव्हां हा प्रश्न शतपट झाला. तेथें कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट असा चढ होता. त्या काळीं इंजिनाची शिटी ऐकूं आली कीं मागील डब्यांतील माणसें हातांनीं ब्रेक आवळीत. शिटी आणि हात यांच्यामध्यें जो वेळ जाई, त्यांतच अनर्थाचें बीज होतें. म्हणून अनावर झालेली गाडी वळवून चढावर थोपविण्यासाठीं निराळे रूळ घालावे लागले.

अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनीं १८६९ मध्यें दाबलेल्या हवेनें सर्व डब्यांचे ब्रेक एकाच हातीं आणले. परंतु नळी तुटली तर सारेच ब्रेक निकामी होत. १८७२ मध्यें त्यांनीं ही रचना उलटी केली: नळींत हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटे राहत, दाब नाहींसा होतांच ते आपोआप आवळले जात. यंत्र बिघडलें तर गाडी थांबावी, सुटूं नये, हें तत्त्व येथें सिद्ध झालें.

घरच्या मोटारीमागें जोडगाडी ओढण्याची चाल अमेरिकेंत पडली, तेव्हां हेंच काम विजेकडे आलें. जोडगाडीच्या फिरत्या ड्रमाजवळ विद्युच्चुंबक असतो. प्रवाह मिळतांच तो ड्रमास चिकटूं पाहतो, त्याच्याबरोबर ओढला जाऊन दांडा फिरवितो आणि ब्रेक लागतो. प्रवाह किती द्यावा हें चालकाजवळील नियंत्रक पेटी ठरविते. तिला चार तारा लागतात: एक बॅटरीची, एक जमिनीची, एक पायाखालच्या ब्रेकची सूचना आणणारी आणि एक जोडगाडीच्या चाकांकडे जाणारी. साध्या पेट्या ठराविक क्रमानें प्रवाह वाढवितात. अधिक चांगल्या पेट्या मोटारीचा वेग किती झपाट्यानें उतरतो हें ओळखून त्या मानानें तो देतात. जमिनीची तार सैल राहिली तर ब्रेक दुबळा पडतो, आणि सपाट रस्त्यावर तें सहसा ध्यानांतही येत नाहीं. जोडगाडी निसटलीच, तर तिच्यावरील लहान बॅटरी स्वतःच ब्रेक लावते. वेस्टिंगहाउस यांचेंच तत्त्व येथें पुन्हां उपयोगी पडलें.

कशेडीच्या डोंगरांतून २०२३ मध्यें बोगद्याची वाट खुली होऊं लागली. आंबेनळीचीं वळणें मात्र अद्याप तशींच आहेत. आपल्याकडे घरची मोटार जोडगाडी क्वचितच ओढते. पण ट्रॅक्टरमागें ट्रॉली गांवोगांव दिसते, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर कितीही दणकट असला, तरी उतारावर त्याचें बळ पुरेसें नाहीं. मागून येणाऱ्या चाकांनाही लगाम हवा, आणि तो पुढें बसलेल्याच्या पायाशीं बांधलेला हवा.