मुलीच्या हाती पाटी, पत्र आणि फोन

आज बोलायचंय ते मुलींच्या हातातल्या फोनबद्दल. पण सुरुवात करूया पाटी-पेन्सिलीपासून.

1848 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जायचा, हे आपण ऐकलेलं आहे. या रागामागे जातीचा अहंकार होताच. शिवाय घराघरांत दोन भीती होत्या. एक, शिकलेली बाई विधवा होते. दुसरी, लिहायला आलं की बाई परक्या पुरुषाला चिठ्ठ्या पाठवील. या दुसऱ्या भीतीत चिठ्ठीच्या जागी मेसेज हा शब्द घाला. आज आपल्या गल्लीत हेच बोललं जातं ना?

आता दोन मुलींची गोष्ट सांगते. पहिल्या रमाबाई रानडे. 1873 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्या सहावीतल्या मुलीएवढ्या! लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याने स्वतः शिकवायला घेतलं. पण घरातल्या मोठ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. टोमणे, अबोला, टाकून बोलणं, सगळं त्यांनी सोसलं. 1910 मध्ये आलेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे लिहून ठेवलंय. त्या सासरच्या बायका दुष्ट होत्या असं म्हणून सोडून देऊ नका. पाटीने घरात काय बदलेल, याची त्यांना भीती वाटत असावी.

दुसऱ्या आनंदीबाई जोशी, आपल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यात नोकरीला. बायकोने शिकावं म्हणून त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं. त्यांनी 1880 मध्ये हिंदुस्थानात पत्र पाठवलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. ना ओळख ना देख, धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण पत्रं जात-येत राहिली आणि कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या. 1883 मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्या याच मावशीच्या आधारावर. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी क्षयाने त्या गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा अमेरिकेत मावशीकडे पाठवली गेली.

अनोळखी माणसाच्या एका पत्राने त्यांना केवढं जग दाखवलं! पण याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. अभ्यासासाठी गोपाळराव आनंदीबाईंना मारत असत, हे त्यांनीच पुढे पत्रात लिहिलंय. शिक्षण मिळालं, पण धाकाचा व्रण राहिला. मनाई करणारं घर आणि मारून शिकवणारं घर, दोन्हीकडे सोसलं मुलीनेच.

आता आजचं बघू. पत्राला समुद्र ओलांडायला आठवडे लागत, विचार करायला वेळ मिळे. फोनवर क्षणात शंभर अनोळखी माणसं येतात, खोटी नावं, खोटे फोटो घेऊन. पाठवलेला फोटो परत घेता येईलच असं नाही. म्हणून आईची भीती खोटी नाही. इन्स्टाग्राम, फेसबुकवर खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात. आपल्याकडे 2023 मध्ये संमत झालेल्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण बऱ्याच घरांत काय होतं? मुलगी वय वाढवून खातं काढते आणि आईला पत्ताच नसतो. आणि काही कानावर आलं की मुलीचा फोन काढून घेतात, मुलाचा नाही. मग उद्या कुणी त्रास दिला, धमकावलं, तरी ती सांगत नाही. कारण सांगितलं की फोन जाणार, कदाचित शाळाही सुटणार. धोका वाढतो तो इथे.

म्हणून आईने आधी स्वतः वाचायला बसायचं. रोज दोन पानं एवढंच ठरवा. वर्तमानपत्र असो, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातलं पुस्तक असो, मुलीच्या समोर बसून वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलीला मोठ्याने वाचायला सांगावं. वाचणाऱ्या आईला मुलगी फोनमधलंही दाखवते, कारण आईला कळेल असा तिला भरवसा वाटतो.

तेरा पूर्ण झाल्यावर खातं काढायचं ठरलं, तर दोघींनी शेजारी बसून काढा. खातं खाजगी ठेवा. शाळेचं नाव, घराचा पत्ता, गणवेशातला फोटो टाकायचा नाही. प्रत्यक्ष ओळखीच्याच माणसांना जोडायचं. रात्री फोन स्वयंपाकघरात, आणि हा नियम आईबाबांनाही. सर्वांत महत्त्वाचं, मुलीला आजच शब्द द्या: काहीही झालं तरी तू सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही, आधी ऐकून घेईन. मुलं अडचणीत असतील तर 1098 वर आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर 1930 वर फोन करता येतो. हे दोन्ही नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

रमाबाईंना पाटी मिळाली, पण घरातल्या मोठ्या बायकांची साथ मिळाली नाही. आपल्या मुलींच्या शेजारी आपण बसू शकतो. आज संध्याकाळपासूनच बसूया.