मिनॉक्सिडिल : रक्तदाबाकडून केसांकडे

पुरुषांच्या कपाळाच्या दोन्ही कडांपासून मागे सरकत जाणारे आणि टाळूच्या मध्यावर पसरणारे टक्कल, तसेच स्त्रियांच्या भांगाभोवती वाढत जाणारी विरळता, या दोहोंना वैद्यकात अनुवंशिक टक्कल म्हणतात. त्यात केस एका झटक्यात नाहीसे होत नाहीत. ज्या सूक्ष्म पिशवीतून केस उगवतो ते केशपुटक दर फेऱ्यागणिक आक्रसते, वाढीचा काळ आखूड होतो आणि जाड केसाच्या जागी जेमतेम दिसणारी लव उरते. वयात येण्यापूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही, मात्र घराण्यात टकलाचा वारसा असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास ते पडू लागते, हे अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवले. कारणाचा धागा हाती आला होता; तरीही टकलावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध त्या धाग्याने आले नाही.

मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील अपजॉन कंपनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस जठरव्रणावर उतारा शोधत होती. त्यासाठी तपासलेल्या संयुगाचा व्रणावर उपयोग झाला नाही, परंतु त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात असे आढळल्याने कंपनीने त्याची अनेक रूपे तयार केली आणि त्यांतून मिनॉक्सिडिल निघाले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबावर ते प्रभावी ठरले. मात्र अंगात पाणी साठणे आणि नाडी जलद होणे या त्रासांमुळे सोबत आणखी दोन औषधे द्यावी लागत. कोलोरॅडो विद्यापीठात चार्ल्स चिडसी यांच्या देखरेखीखालील रुग्णांना गोळ्या सुरू झाल्यावर १९७१ च्या सुमारास त्यांच्या चेहऱ्यावर व हातांवर दाट केस उगवू लागले. रक्तदाबाच्या दृष्टीने ही पीडाच होती, विशेषतः स्त्री-रुग्णांना.

चिडसी यांनी त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान यांचा सल्ला घेतला, आणि कान व त्यांचे सहकारी पॉल ग्रँट यांनी औषधाचा द्राव करून तो थेट त्वचेवर लावून पाहिला. शोधाचे श्रेय कोणाचे यावरून पुढे कंपनीशी दीर्घ कायदेशीर वाद झाला आणि १९८६ मध्ये कान यांचे नाव पेटंटावर आले. दुष्परिणामात उपचार पाहण्याची दृष्टी कारखान्याबाहेरच्या डॉक्टरांची होती, हे या कुळकथेतून वगळता येत नाही.

गोळीला १९७९ मध्ये आणि डोक्यावर लावायच्या दोन टक्के द्रावाला १९८८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. १९९६ पासून तो तेथे चिठ्ठीविना मिळू लागला. औषधाचे कार्य मात्र अजून पूर्ण उलगडलेले नाही. केशपुटकातील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, मिनॉक्सिडिलचे सक्रिय रूपात रूपांतर करते, आणि हे विकर प्रत्येकात सारखे नसल्याने एकास गुण येतो तर दुसऱ्यास येत नाही. पहिल्या काही आठवड्यांत केसगळती वाढलेली दिसते, कारण विश्रांतीतील केस नव्या केसांना जागा देत गळतात. घाबरून औषध सोडणारे अनेक जण इथेच सोडतात. उलट, गुण आल्यावर वापर थांबवला, तर काही महिन्यांत कमावलेले केसही जातात.

हॅमिल्टन यांनी दाखवलेल्या मार्गाचे औषध नंतर आले : टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रबळ रूप तयार करणाऱ्या विकराला अडवणारे फिनास्टेराइड, ज्याची एक मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाली. पुरुष-गर्भाच्या वाढीला त्यापासून धोका असल्याने गर्भवतींना ते वर्ज्य आहे. गेल्या दशकात तर मिनॉक्सिडिलची गोळीही त्वचारोगतज्ज्ञांकडे परत आली आहे, रक्तदाबासाठीच्या मात्रेच्या अल्पांशात. टकलासाठीचा हा वापर अमेरिकेत अधिकृत मान्यतेबाहेरचा असल्याने तो डॉक्टरांच्या जबाबदारीवर, हृदयाची स्थिती पाहूनच केला जातो.