पंचाहत्तर रुपयांचा वाद

मनीषनगरातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर नव्या पदवीधरांची निंदा ऐकावयास मिळते. मुलाखतीत आधी पगार विचारतात, सहा वाजले की उठतात, वर्षभरात नोकरी सोडतात. मग कोणी वडीलधारे गृहस्थ टिळक-आगरकरांचा दाखला देतात. दाखला उत्तम आहे. मात्र तो शेवटपर्यंत कोणी सांगत नाही.

आगरकरांनी विद्यार्थिदशेतच आईस कळविले होते की, माझ्या मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व पुढल्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीच्या आजीव सभासदाने वीस वर्षे काम करावयाचे आणि दरमहा ७५ रुपये घ्यावयाचे. सरकारी नोकरीत या विद्वानांस याहून पुष्कळ अधिक मिळाले असते.

एवढी कथा सर्वांस ठाऊक असते. परंतु थोड्याच वर्षांत या त्यागी मंडळींत वेतनावरूनच वाद माजला. संसार वाढले, वेतनात भर पडावी असे आगरकर प्रभृतींस वाटू लागले. टिळकांचे म्हणणे असे की, निर्वाहापुरतेच घ्यावे आणि बाहेरची कमाई करू नये. मतभेदाची इतर कारणे होती, सामाजिक सुधारणेचे तर होतेच. तरीही १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला त्यात हा प्रश्न लहान नव्हता.

आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसास यात निराळेच काही दिसते. हे सभासद कोणाचे नोकर नव्हते. संस्था तेच चालवीत. वेतन किती असावे हे ते स्वतः बैठकीत ठरवीत, आणि भांडत तेही बरोबरीच्या नात्याने. गोखले १९०२ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांना दरमहा ३० रुपये पेन्शन मिळाली.

आमच्या वस्तीतून मिहानला किंवा पुण्याला जाणाऱ्या मुलाच्या हाती नेमणुकीचे छापील पत्र पडते. संगणक कंपन्यांत नवख्याचा वार्षिक पगार २०१० च्या सुमारास तीन-साडेतीन लाख रुपये होता. बऱ्याच ठिकाणी आजही तेवढाच आहे. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे दर मात्र थांबलेले नाहीत. तो आकडा कोणी, कोणत्या बैठकीत ठरविला हे त्यास कळत नाही. विचारण्याची एकच वेळ त्याच्या वाट्यास येते, ती मुलाखतीची.

त्याच्यावर माझीही तक्रार आहे. स्वतःस कामगार म्हणवून घेण्याची त्यास लाज वाटते, युनियनची पावती फाडायला तो येत नाही. मध्यंतरी एक मुलगा आमच्या कचेरीत बाँडचा कागद वाचून घ्यायला आला होता. जाताना म्हणाला, "काका, रजिस्टरात नाव लिहू नका."