गोत्र जुळले, पुढे?

विवाहाची बोलणी निघाली की आपल्याकडे प्रथम गोत्र पाहतात. सगोत्र टळले की रक्ताचा दोष टळला, ही समजूत जुनी. १९०२ साली लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी, काही मुलांची लघवी जन्मापासून काळी पडते व त्यांचे आईबाप पुष्कळदा सख्ख्या भावंडांची अपत्ये असतात, हे दाखविले. त्याने तिला बळच मिळाले.

हैदराबादेच्या संशोधनाने मात्र आम्हांस थोडे अस्वस्थ केले. तेथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या चमूने २०१७ मध्ये २६० हून अधिक दक्षिण आशियाई समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ गट इतक्या मोजक्या पूर्वजांपासून वाढले आहेत की, त्याबाबतीत त्यांनी फिनलंडवासीयांनाही मागे टाकले. म्हणजे गोत्रे भिन्न, पण ज्ञातीचे कुंपण एकच; दोष आत फिरत राहतो.

त्याचा भार बालवैद्यास व आईबापांस सोसावा लागतो. थॅलेसीमियाच्या तीव्र प्रकारात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. अशा मुलांचे पालक व डॉक्टर यांनीच १९९८ मध्ये हैदराबादेत थॅलेसीमिया व सिकलसेल सोसायटी उभारली. आईबाप स्वतः धडधाकट असतात. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी चारांत एक धोका. वाहक कोण, हे साध्या रक्ततपासणीत कळते. पत्रिका मागताना न संकोचणारे आम्ही तो कागद मागताना मात्र अडखळतो! विवाह झालाच असेल तर गर्भाची परीक्षा अकराव्या आठवड्यापासून करता येते.