खाजनाचा बांध

समुद्र मागे हटवून परशुरामाने गोमंतकाची भूमी निर्माण केली, ही कथा मठाच्या शिष्यवर्गातील लहान मुलांनाही ठाऊक असते. तिचा अर्थ भाविकाने आपल्या श्रद्धेप्रमाणे लावावा. परंतु समुद्राकडून भूमी मिळवण्याचे कार्य गोमंतकात खरोखरच घडले, पिढ्यान्‌पिढ्या घडले. आणि ते चिखल, पेंढा व जांभा दगड एवढ्याच सामग्रीवर घडले. त्या भूमीला खाजन म्हणतात.

मांडवी आणि झुवारी ह्या नद्यांत भरतीचे खारे पाणी समुद्रापासून कित्येक मैल आत शिरते. नदीकाठची सखल जमीन भरतीच्या पातळीहून खाली. तिला मोकळी सोडली तर ती केवळ चिखलाची दलदल. पूर्वजांनी तिच्या नदीकडील अंगाला मातीचे बांध घातले, जेथे प्रवाहाचा मारा अधिक तेथे बाहेरून जांभ्याचा थर दिला आणि बांधापुढची खारफुटी लाटांचा जोर मोडण्यासाठी राखून ठेवली. तिसवाडी, बारदेश, सासष्टी आणि अंत्रुजाचा नदीकाठ मिळून अशी सुमारे साडेसतरा ते अठरा हजार हेक्टर जमीन गोमंतकात आहे. एवढ्या लहान प्रदेशाच्या मानाने हे क्षेत्र थोडे नव्हे.

ह्या रचनेचा प्राण म्हणजे मानस. बांधात ठराविक ठिकाणी लाकडी दारांची मोरी बसवलेली असते, तिला मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतांतले जास्तीचे पाणी नदीत जाते. मानसीच्या आतल्या अंगाला खोल डोह असतो, त्याला पोंय म्हणतात. शेतांपेक्षा त्याची पातळी खालची, म्हणून आत आलेले खारे पाणी तेथेच थोपते. पावसाळ्याच्या पहिल्या सरी जमिनीतले मीठ धुऊन नेतात आणि त्यानंतर कोरगूट, आसगो यांसारखी खारटपणा सोसणारी भाते तेथे उभी राहतात. ही भाते उत्पन्नात आजच्या सुधारित वाणांची बरोबरी करीत नाहीत, हे खरे. परंतु थोडे खारे पाणी शिरले तर सुधारित वाण जेथे करपून जाते तेथे कोरगूट तग धरते, आणि ज्या कुटुंबाचे वर्षाचे अन्न एका शेतावर अवलंबून असे त्याला तेवढा भरवसा मोलाचा वाटे.

भात हे एकच उत्पन्न नव्हते. पोंयीत कोळंबी, शेवटे आणि खेकडे वाढत; ओहोटीच्या वेळी मानसीच्या तोंडाशी जाळे लावून ते धरले जात. काही खाजनांच्या कडेला मिठागरे होती. भात कापल्यावर गोड पाण्याची सोय असेल तेथे भाजीपाला निघे. पेंढा गुरांना, गुरांचे शेण शेताला, आणि शेतातला गाळ पुन्हा बांधाला. बाजारातून आणावयाच्या वस्तू फार थोड्या राहत.

ही व्यवस्था किती जुनी? कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन् ह्या राजाचा बांदिवडे येथे मिळालेला ताम्रपट सहाव्या-सातव्या शतकातला मानला जातो. त्यात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा आणि खारे पाणी अडवून ती लागवडीस आणण्याचा उल्लेख आहे. म्हणजे शब्द आणि विद्या, दोन्ही तेव्हा रूढ होती. पोर्तुगीज आल्यावर १५२६ साली अफोंसो मेशिया ह्या महसुली अधिकाऱ्याने गावकारांचे रीतिरिवाज लिहून काढले. ओसाड बेटावर थोडी माणसे गेली, त्यांनी जमीन सुधारली, वस्ती वाढली आणि त्यांचे वंशज गावकार झाले, अशी हकीकत त्या सनदेत आहे. राज्यकर्त्याने ती आपल्या वसुलीच्या सोयीसाठी लिहिली हे उघड असले, तरी गावाचा हक्क श्रमातून उपजला हे त्याने मान्य केले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

गावकारांच्या ह्या संस्थेला गावकरी म्हणत. पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडले. जमीन कोणा एकाची नसे. शेते ठराविक मुदतीने लिलावाने कसावयास दिली जात. आलेल्या उत्पन्नातून सरकारचा कर, देवळाचा खर्च, गावाच्या सेवकांचे मानधन आणि बांधबंदिस्ती भागवल्यावर जे उरेल ते गावकारांत वाटले जाई. त्या वाट्यास जोण म्हणत. ह्या क्रमातच व्यवस्थेचे मर्म आहे: बांधाचा खर्च आधी, वाटणी मागाहून. शिवाय प्रत्येक खाजनात कसणाऱ्यांचा भौस असे. खेकड्यांनी बांधाला पाडलेली छिद्रे बुजवणे, मानसीची दारे राखणे, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधावर लक्ष ठेवणे ही त्याची कामे. बांध एका जागी फुटला की खारे पाणी कोणाचे शेत निवडून घेत नाही. आळशी शेजाऱ्याचा आळस येथे खाजगी बाब राहू शकत नसे.

तथापि गावकरीला सत्ययुग मानण्याचे कारण नाही. जोण मिळे ती गावकारांच्या घराण्यांतील पुरुषांना. चिखलात उभे राहून बांध घालणारे कुणबी, भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारे मुंडकार आणि रोपणी करणाऱ्या स्त्रिया यांना निर्णयात स्थान नव्हते. आणि १५४० नंतर तिसवाडीत व १५६७ च्या सुमारास सासष्टीत देवळे पाडली गेली, तेव्हा देवळांसाठी राखलेल्या जमिनींचे उत्पन्नही परधर्मीयांच्या संस्थांकडे गेले. देव नदीपलीकडे अंत्रुजात आले, अनेक कुटुंबे आणखी दूर कर्नाटकात व केरळात गेली. बांध मात्र गावीच राहिले, आणि मागे राहिलेल्यांनी, धर्म बदललेल्यांनीही, ते पूर्वीच्याच रीतीने राखले. कित्येक गावांत हिंदू घराण्यांचा जोणीचा हक्क पुढेही चालू राहिला. पण गावात न राहता केवळ वाटा घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली. हक्क आणि कर्तव्य यांची फारकत येथेच सुरू झाली.

१९६१ च्या एप्रिलात पोर्तुगीज सरकारने कोमुनिदादींची नवी संहिता जारी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि विशेषतः त्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक ठरला. शतकानुशतके दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांना मिळालेला हा न्याय होता आणि तो फार उशिरा मिळाला. परंतु शेताचा मालक बदलला तेव्हा बांधाचा धनी कोण, हा प्रश्न उरला. १९७५ च्या नियमांनी ती जबाबदारी कुळांच्या संघांवर टाकली. काही संघ जागरूक राहिले. पुष्कळ ठिकाणी ते कागदावरच राहिले, कारण शेतीचे उत्पन्न घटले होते, मुले नोकरीस गेली होती आणि मानसीच्या मासळीचा लिलाव हेच मोठे उत्पन्न झाले होते. लिलाव घेणाऱ्याला मासळी हवी. ती अधिक मिळावी म्हणून भरतीच्या वेळी दारे उघडी ठेवली जाऊ लागली आणि जी दारे पाणी अडवण्यासाठी होती त्यांतूनच खारे पाणी शेतांत येऊ लागले. लोहखनिज वाहून नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनी मांडवी-झुवारीचे बांध बाहेरून खचवले, ते निराळेच.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली. खाजनांचे नकाशे करावेत, त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा आखावा, तेथे बांधकामादी विकास होऊ देऊ नये आणि खाजनालगतच्या खारफुटीचे रक्षण करावे, असे तिच्यात म्हटले आहे. खारफुटी बांधाबाहेर असेपर्यंत ती शेताची राखण करते. पण फुटलेला बांध दोन-चार वर्षे तसाच राहिला की भरतीबरोबर वाहत आलेले तिचे अंकुर भाताच्या वाफ्यांत रुजतात. एकदा रुजलेली खारफुटी कायद्याने संरक्षित असल्यामुळे शेतकऱ्याला ती मनाप्रमाणे तोडता येत नाही. जमीन दप्तरात भातशेतीची म्हणून नोंदलेली राहते आणि जागेवर तीत पुरुषभर उंचीची झाडे, त्यांच्या मुळांत खेकडे आणि दिवसातून दोन वेळा चढणारे खारे पाणी असते.